आभाळात बसलेला कोतवाल

त्या दिवशी सकाळची थंडी सरली होती आणि ऊन अजून तापायला लागलं नव्हतं. वारा पडलेला. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं, कुठं सुरकुती नाही.

"...मग सांग की, काय काय दिसतंय खोऱ्यात?" हैबतनानांनी पुन्हा विचारलं.

नाना यशोधनचे शेजारी. भिंतीला भिंत लागून घर. सारी हयात लाइनमन म्हणून विजेच्या तारांवर गेली. लहानपणी यशोधन त्यांच्या खांद्यावर बसून खांब मोजायचा. आता तो हेलिकॉप्टर उडवत होता. उद्या सकाळी ह्याच खोऱ्यातून, मोठ्या लाइनीला धरून, अगदी खालून उडत तारा तपासायच्या होत्या.

"बावीस टॉवर," ओट्यावर बसल्या बसल्या यशोधन म्हणाला. "सगळे नकाशात आहेत, नाना."

"आणि?"

"त्यांच्या तारा."

"आणि?"

"आणि काय? मोकळं आभाळ."

नाना गालात हसले. "आम्हाला ह्या खोऱ्याला अख्खा दिवस लागायचा. पायी. टॉवरागणिक थांबायचं, वर बघायचं. धनगरवाड्यावरची म्हातारी ताकाचा तांब्या घेऊन उभी असायची. म्हणायची, आला का रं माझ्या दिव्याचा बाप..."

"मला वीस मिनिटं लागतील."

"लई हुशार झालास बाबा."

यशोधननं चहाचा कप उचलला.

तेवढ्यात एक कोतवाल आला. काळाभोर, कात्रीसारख्या शेपटीचा. ओट्यापासून हाकेच्या अंतरावर, दरीच्या मधोमध, जिथं झाड नाही की खांब नाही, तिथं तो आला आणि बसला.

आभाळात बसला. शेपटी हलवत.

यशोधनच्या हातातला चहा तसाच राहिला. तो उठला. डोळे बारीक करून बघत राहिला. काही दिसेना... मग दिसली. केसाएवढी, आभाळाच्याच रंगाची तार. उद्या तो बरोबर तिथूनच जाणार होता. पात्याला तार लागली की संपलं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

"ही... नकाशात नाही."

"कशी असंल? वाडा उठून गेला. म्हातारी गेली. दोन्हीकडचे खांब कारवीच्या झुडपांत बुडाले." नानांचा आवाज जरा ओला झाला. "वाड्याच्या दिव्याची तार तेवढी राहिली. माझ्याच हातची हाय."

कोतवाल उडाला. तार पुन्हा नाहीशी झाली.

"अशा अजून किती आहेत, नाना?"

"आता कुठलं आठवतंय रं..."

"आणि उद्या पाखरू बसलंच नाही तर? मी काय करायचं?"

नानांनी भिंतीला टेकवलेली काठी उचलली, यशोधनच्या हातात दिली. त्याच्या पायांतले चकचकीत बूट वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"उडायचंय उद्या न्हवं? मग आज चालून घे, पोरा."