ढोलीपुढची सभा

फार पूर्वी सह्याद्रीच्या एका रानात उन्हाळे वाढत चालले होते. पुढच्या वर्षी घरटी कुठे करायची, हे ठरवायला धनेश पक्ष्यांनी सभा भरवली. माद्या तेव्हा ढोलीचं दार लिंपून आत अंड्यांवर बसल्या होत्या. नरांनीच कड्यावरची झाडं निवडली.

रंगा नावाच्या नराने दाराच्या फटीतून बायकोला उंबर भरवत सांगितलं, "ठरलं गं! कड्यावर वारा छान लागतो."

"फांदीवर लागतो," शेवंती आतून म्हणाली. "मागे तिथे घरटं केलं, तेव्हा आपलं पिल्लू कशानं गेलं, ठाऊक आहे?"

"आजारानं ना?"

"अहो, खोड तापलं होतं. आत मी होते."

"मग सभेत सांगायचंस!"

"दार लिंपल्यावर सभा भरवता, आणि वर मलाच ऐकवता?"

रंगाने जाऊन बाकीच्या नरांना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सभा एकेका ढोलीपुढे फिरली. निर्णयाला चार दिवस लागले. घरटी गार ओढ्याकाठी करायची ठरली.