उघाडीची बंद पेटी

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. खाडीच्या काठी एक गाव होतं. एका बाजूला हिरवीगार भातखाचरं, दुसऱ्या बाजूला खारं पाणी आणि मध्ये मातीचा एक बांध. तो बांध होता म्हणून गावाच्या ताटात भात होता.

बांधाला एक दार होतं. गावात त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला दार उघडायचं, म्हणजे खाचरांतलं जादा पाणी खाडीत उतरायचं. भरतीला लावायचं, म्हणजे खारं पाणी आत यायचं नाही. कारण खारं पाणी एकदा का खाचरात शिरलं, की पुढे कित्येक वर्षं तिथे भात पिकत नाही. हे दार सांभाळायला एक राखणदार होता. भरती कधी ऐन जेवणात यायची, कधी साखरझोपेत. बिचारा उठायचा आणि सागाच्या जड फळ्या खाली सोडायचा.

राजधानीतला एक नामांकित कारखाना आपोआप लागणारं दार बसवून देतो, असं कळलं तेव्हा सगळ्यांत आधी नाचला तो हा राखणदारच. दार होतंही बहारीचं. भरतीचं पाणी चढू लागलं की चाकं फिरायची आणि दार आपलं आपण बंद व्हायचं. चाकं एका पेटीत होती. पेटीवर कारखान्याचा शिक्का होता. तो कधी मोडणार नाही, असा शब्द साऱ्या गावाने नारळावर हात ठेवून दिला होता.

"आत काय आहे हो?" राखणदाराने विचारलं होतं.

"तुम्ही भात लावा," कारागीर हसून म्हणाला होता. "आतलं आम्ही बघतो."

आणि बघतही होते, खोटं कशाला बोला! दरवर्षी नारळी पौर्णिमा सरली की कारागीर यायचा, भोवती पडदा लावायचा, आत काही खुडबुड करायचा आणि पाहुणचार घेऊन परत जायचा. राखणदार भरतीच्या वेळी पाय पसरून झोपू लागला. जुन्या फळ्या गावाने शिमग्याला होळीत घातल्या. अस्सल सागाच्या होत्या, होळी काय पेटली म्हणता!

एका वर्षी नारळी पौर्णिमा सरली, पण कारागीर आला नाही.

राखणदाराने थोडी वाट पाहिली. मग एका भरतीला त्याला दार कण्हल्यासारखं वाटलं. दार लागलं, पण उशिरा. त्याने आतल्या बाजूचं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. पाणी मचूळ लागत होतं. भात तर पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या.

त्या दिवसापासून त्याला चैन पडेना. घास हातात घ्यायचा, ठेवायचा आणि बांधाकडे पळायचा.

"अहो, बसा की जरा," बायको म्हणायची. "पायाला भिंगरी लागलीय का?"

"दार अडतंय गं."

"मग उघडून बघा काय झालंय ते."

"बघू कसं? शब्द दिलाय ना!"

शेवटी तो राजधानीला गेला. कारखान्याला टाळं होतं आणि टाळ्यावर दरबाराची मोहोर. शेजारच्या कासाराने हकिकत सांगितली. कारखान्याने आपली युक्ती चोरली, अशी दुसऱ्या एका कारागिराने फिर्याद केली होती. हत्यारं जप्त झाली, मालक खटल्यात अडकला आणि कामगार पोटासाठी दाही दिशांना पांगले.

राखणदार न्यायाधीशांपुढे हात जोडून उभा राहिला.

"दावा कारखान्यावर आहे," न्यायाधीश म्हणाले. "तुमच्या दाराशी दरबाराचं काही भांडण नाही. निकाल लागेपर्यंत थांबा."

"मी थांबेन, महाराज. भरती थांबेल का?"

न्यायाधीश काही वाईट नव्हते. पण कायद्यात भरतीचं कलम नव्हतं.

राखणदार परतला आणि त्याने गाव गोळा केलं. "पेटी फोडूया," तो म्हणाला.

गावकारभाऱ्याने मान हलवली. "नारळावर शब्द दिलाय. त्यात प्रकरण दरबारात. उद्या कारखाना उघडला आणि मालक म्हणाला, तुम्हीच बिघडवलंत, तर? सरकारी टाळ्याला कोण हात लावतो?"

"टाळं तिकडे आहे. आपल्या पेटीवर कुठे आहे?"

"तेच ते. थांबू या. होईल काहीतरी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. थांबणं फार सोपं असतं हो, त्याला अंग हलवावं लागत नाही. राखणदारही मुकाट घरी गेला.

मग अमावस्येचं उधाण आलं. भर दुपारी पाणी बांधाच्या कडेपर्यंत चढलं. दार हललं, अर्ध्यावर आलं आणि तिथेच थांबलं. खालून खारं पाणी घुसू लागलं. गाव बांधावर धावलं, पण कोणी पेटीजवळ जाईना. राखणदाराने मात्र कुऱ्हाड उचलली. गेला शब्द तर गेला! दोन घावांत पेटी फुटली.

आत चाकं होती, आणि चाकांवर कालवांचा थर होता. खाडीतल्या खडकांवर चढतात तीच साधी कालवं. त्यांच्या शिंपल्यांनी चाकं जाम केली होती.

"कालवं?" राखणदाराची बायको ओरडली. "अहो, ही तर आम्ही रोज खरवडतो!"

गावातल्या बायका कोयत्या घेऊन धावल्या. शिंपले खडखडत खाली पडले, चाकं मोकळी झाली, दार धाडकन बंद झालं. पण बैल गेला आणि झोपा केला. बांधाच्या आत, पोटरीतल्या भाताच्या गळ्यापर्यंत खारं पाणी उभं होतं. राखणदार तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

भात करपलं. ऊन पडलं तशी जमीन मिठाने पांढरी झाली. ज्या गावाने पाहुण्याला भाताशिवाय उठू दिलं नव्हतं, ते गाव डोंगरावरून नाचणी मागून आणू लागलं.

बऱ्याच काळाने खटल्याचा निकाल लागला. कारखाना निर्दोष ठरला. म्हातारा झालेला मालक एकटाच गावात आला आणि पांढऱ्या खाचरांकडे बघत राहिला.

"मी मोकळा असतो, तर असं होऊ दिलं नसतं," तो कळवळून म्हणाला.

राखणदाराने त्याला प्यायला पाणी दिलं. "मला ठाऊक आहे, बाबा," तो म्हणाला. "तुम्ही मोकळे नव्हता. आणि आम्ही मोकळे असून हात बांधून बसलो."

तेव्हा लहानथोरहो, ज्याच्या आत हात घालायची आपल्याला मुभा नाही, त्याच्या भरवशावर आपला घास ठेवू नये.