कोरडा पूर

तांबरी नदीला पूर आला की राजा चंडसेनाच्या राजधानीची दैना व्हायची. मागच्या खेपेला तर निम्मं नगर दोन दिवस छपरावर बसून होतं. नावा होत्या, पण वेळेवर कुणाला सापडल्याच नाहीत. राजाला हे फार लागलं. त्याने चाळीस नव्या होड्या बांधून घेतल्या, दोरखंड वळून घेतले, धान्याची पोती भरली आणि सगळं एका मोठ्या कोठारात ठेवून कुलूप लावलं. मग दरबार भरवून त्याने जाहीर केलं, की आता पुराची आपल्याला भीती नाही.

दरबारात सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त राही कोळीण गप्प उभी होती. घाटावर होडी चालवून तिचे केस पिकले होते. राजाने तिला विचारलं, तुला आमची तयारी पसंत नाही का?

राही म्हणाली, "तयारी झकास आहे, महाराज. पण ती तरते की बुडते, ते कसं कळायचं?"

"पूर आला की कळेल."

"तेव्हा कळून काय उपयोग?"

राजा चिडला. एका कोळणीने भर दरबारात आपल्याला अडवावं हे त्याला सोसेना. त्याने हुकूम सोडला, की आठ दिवसांत राहीने नगरात पूर आणावा आणि तयारीची परीक्षा घ्यावी. मात्र पाण्याचा एक थेंबही वेशीच्या आत येता कामा नये. जमलं नाही, तर घाटावरची होडी तिने सोडायची.

ऐन वैशाख होता. नदीत गुडघाभर पाणी. दरबारी तोंडावर उपरणी धरून हसले. राहीने मात्र हात जोडून एवढंच मागितलं, की पूर जसा कुणाचं ऐकत नाही, तसं तिच्या पुरालाही एक सकाळभर कुणी अडवू नये. राजाने मान्य केलं.

दुसऱ्या दिवसापासून राही चार कोळणींना घेऊन नगरभर हिंडू लागली. मागच्या पुराचा गाळ भिंतींवर जिथवर चढला होता, तिथे त्यांनी चुन्याची रेघ ओढली. घरांवर, देवळावर, राजवाड्यावरसुद्धा. लोकांना वाटलं, राजाच्या घरी लग्न निघालं असावं.

सहाव्या दिवशी सकाळी राहीने घाटावर थाळी बडवली आणि ओरडून सांगितलं, "पूर आला! रेघेच्या खाली जो सापडेल, तो बुडाला!"

जो बुडेल त्याच्या कपाळाला चुना लागणार होता, आणि त्याने दुपारपर्यंत गप्प बसायचं होतं. मग जी धांदल उडाली ती काय सांगावी. सेनापती शिपाई घेऊन कोठाराकडे धावला. तिथे कुलूप. किल्ली कोठारप्रमुखाकडे, आणि तो आंबे खायला सासुरवाडीला गेलेला. दार फोडलं. होड्या सुरेख होत्या, प्रत्येकीवर मोर रंगवलेला. पण त्या कोठाराच्या आतच घडवल्या होत्या आणि दार होतं अरुंद. शिपायांनी होडी आडवी केली, उभी केली, तिरकी केली. ती काही बाहेर येईना. तेवढ्यात एकाचं लक्ष भिंतीकडे गेलं. चुन्याची रेघ छपराला टेकली होती. कोळणींनी सेनापतीसकट सगळ्यांना चुना लावला.

कुंभारआळीत तर कुणाला खबरच नव्हती. तिथे ऐंशी वर्षांची बहिरी धोंडूआजी उंबऱ्यात पान कुटत बसली होती. तिला खुणेने सांगितलं, की तू बुडालीस. ती म्हणाली, "बरं झालं. आता कुणी उठायला सांगू नका."

शेवटी राही राजवाड्यात शिरली. प्रधान मोठा हुशार. तो खांबाला वेंघून रेघेच्या वर जाऊन लोंबकळत होता. राजा मात्र सिंहासनावर ऐटीत बसला होता, आणि मागच्या भिंतीवरची रेघ त्याच्या मुकुटाच्या हातभर वर होती.

राहीने पुढे होऊन राजाच्या कपाळाला चुन्याचं बोट लावलं. राजा गरजला, की हा पोरखेळ ताबडतोब बंद करा.

राहीने वर पाहिलं. "प्रधानजी, काही ऐकू आलं का?"

प्रधानाने एकदा राजाकडे पाहिलं, एकदा रेघेकडे. "छे, बुवा. नुसते बुडबुडे दिसले."

पण राजाने शब्द दिला होता. तो मुकाट्याने बसून राहिला. त्याच्यासमोर एकेक खबर येत होती आणि त्याला कशावरही हुकूम देता येत नव्हता. कोठार बुडालं, धान्य बुडालं, सेनापती बुडाला, कुंभारआळी अख्खी बुडाली. आधी तो रागाने लाल झाला. मग हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

दुपारी थाळी पुन्हा वाजली. राजाने पहिला प्रश्न विचारला, "किती माणसं गेली?"

"तीनशे बारा, महाराज," राही म्हणाली. "आता सगळी जेवायला घरी गेलीत."

राजा असा हसू लागला की कपाळाचा चुना ओघळून मिशीत आला. त्याने तिथल्या तिथे हुकूम दिले. कोठार टेकडीवर न्यावं, होड्या प्रत्येक आळीत उघड्यावर बांधाव्यात, कुंभारआळीला स्वतःची थाळी द्यावी. मग हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने राहीला दिलं आणि तिला पूरनायकीण नेमलं.

"दर वर्षी असा एक पूर आणत जा," तो म्हणाला. मग मिशी पुसत हळूच पुढे वाकला. "फक्त आम्हाला आदल्या दिवशी कळव."

राहीने कडं मनगटात चढवलं. "पूर कधी सांगून येतो का, महाराज?"

राजाला पुन्हा हसू फुटलं, आणि खांबावरून प्रधान धपकन खाली पडला.