कासवकाकांचं काळं पाणी

जंगल संपून ओढा लागतो ना, तिथे एका सशिणीचा काकडीचा मळा होता बरं का, मुलांनो. मळा तिचा, पण बी कासवकाकांचं. म्हातारे कासवकाका गेल्या थंडीत वारले. जाण्याआधी उरलंसुरलं मूठभर बी त्यांनी तिच्या हाती दिलं. तिने ते सगळं पेरलं, वेल मांडवावर चढले, आणि ऐन फुलोऱ्यात पानं पिवळी पडू लागली. वेल गेले तर काकांचं बीही गेलं! सशिणीच्या तोंडचं पाणी पळालं.

तिला काका फार आठवत. ती एवढीशी होती तेव्हा संध्याकाळी सगळे प्राणी आपापल्या घरची सालं, देठं, शेंगांची टरफलं घेऊन काकांच्या करंजाखालच्या खड्ड्याशी जमत. गप्पा काय रंगत, हसणं काय चाले! मग कधीतरी काका माठात काळं पाणी करत आणि हाक मारत, "ये गं पोरी, ढवळ." ती बांबूच्या काठीने मनसोक्त ढवळत बसे. ते पाणी मिळालं की वेल तरारून उठत. काय दिवस होते ते! आता खड्ड्यावर पाचोळा साचला होता आणि तिकडे कुणी फिरकत नव्हतं.

"सालं, पाणी आणि ढवळणं, एवढंच तर होतं," असं म्हणत सशिणीने घरातली ताजी सालं माठात टाकली. इतक्यात कोल्हा आला. कोल्हा काकडीला राजी, हे का तुम्हाला सांगायला हवं? "ताई, एवढ्याने काय होतंय! वेल लवकर फळायला हवेत," म्हणून त्याने माशांची डोकी टाकली, गुळाचा खडा टाकला आणि झाकण चिखलाने घट्ट लिंपलं. काही दिवसांनी झाकण काढलं, तर असा भपकारा आला की सशीण नाक दाबून मागे सरली. "काकांच्या पाण्याला असा वास नव्हता हो, कोल्होबा." "औषध कडूच असतं, ताई! ओत बिनधास्त." भोळी बिचारी! तिने ते पाणी पानाफुलांवर शिंपडलं. माठ रिकामा झाला म्हणून कोपऱ्यातला एक वेल तेवढा राहिला. कोल्ह्याला कुठला धीर? पाणी निथळणारी एक कोवळी काकडी त्याने न धुताच मटकावली.

सकाळी वेलांनी माना टाकल्या होत्या. कोल्हा पोट धरून ओढ्याकाठी गडबडा लोळत होता. सशीण करंजाखाली जाऊन ढसाढसा रडली. रडता रडता तिला आठवलं, एकदा माठाला घाण वास आला तेव्हा काकांनी सगळं पाणी मळ्यापासून दूर नेऊन ओतलं होतं. "वाया गेलं की हो, काका!" ती कळवळली होती. "पाणी वाया गेलं, पोरी. वेल तर वाचले," काका म्हणाले होते. आणि ताजी सालं? ती तर ते कधी माठात टाकतच नसत. आधी खड्ड्यात, पाचोळ्याखाली, पार माती होईपर्यंत. तिला मेलीला नुसती ढवळण्याची गंमत लक्षात राहिली!

तिने खड्ड्यावरचा पाचोळा दूर केला. आत काकांच्या वेळची सालं कुजून काळीभोर, भुसभुशीत झाली होती. एकही ओळखू येईना. तिने माठ घासून उन्हात वाळवला, खत फडक्यात बांधून स्वच्छ पाण्यात सोडलं, झाकण न ठेवता ढवळत राहिली आणि मग माठात नाक घातलं. ओल्या मातीचा वास! "काका!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पाणी शिळं होऊ न देता तिने लगेच ते उरलेल्या वेलाच्या मुळाशी घातलं, पानांना थेंब लागू दिला नाही, आणि हात स्वच्छ धुतले.

वेल जगला. पहिली काकडी तिने बियांसाठी वेलावरच पिकू दिली. कोल्हा लांबूनच विचारी, "ताई, ही कधी तोडायची?" "ही नाही तोडायची. आधी घरची सालं आणून खड्ड्यात टाका, मग पुढच्या वर्षीच्या काकड्यांचं बघू." आणि काय सांगू, एका संध्याकाळी कोल्हा खरंच सालं घेऊन आला. त्याच्यामागे खार आली, साळुंकी आली, आणि करंजाखाली पुन्हा गप्पा रंगल्या.

तात्पर्य : अर्धवट कुजलेलं खत आणि अर्धवट आठवलेली रीत, दोन्ही पिकाचा घात करतात, म्हणून मोठ्यांच्या कामातली गंमत आठवताना त्यांचा धीरही आठवावा.