वाढत्या अंगाचा गणवेश

मंदीच्या वर्षी सरकारने सोनवळे नगरपरिषदेला शाळा बांधायला विशेष निधी दिला, पण त्यात चारच खोल्या होत होत्या. उरलेल्या खोल्यांसाठी नगरपरिषदेने वीस वर्षांचे कर्जरोखे विकावेत, अशी मुख्याध्यापिका मगदूमबाईंची मागणी होती. नाहीतर वरचे वर्ग तालुक्याला जाणार आणि बऱ्याच मुली घरीच बसणार.

नगराध्यक्ष कुपेकर गणवेशांचे मोठे दुकानदार. भरसभेत ते म्हणाले, "बाई, मिळालंय तेवढ्यात भागवा. अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढंही शाळेत शिकवत नाहीत का?"

"शिकवतो की," बाई म्हणाल्या. "पण जूनमध्ये भाचीला घेऊन तुमच्या दुकानात आले होते. तिच्या मापाचा गणवेश मागितला, तर तुम्हीच म्हणालात, 'वाढत्या अंगाचा घ्या, पोरगी काय एवढीच राहणार आहे?'"

सभेत खसखस पिकली.

"अहो, तिथे पैसा गिऱ्हाइकाचा होता. इथे गावाचा आहे."

"मग गावालाही गिऱ्हाइकाइतकाच चांगला सल्ला द्या."

ठराव एकमताने मंजूर झाला. पहिला रोखा कुपेकरांनीच घेतला. शाळा वाढली की गणवेशही वाढणार, हे बहुधा त्यांना सभेतच सुचले असावे.