हलगीतला खोकला

बिरोबाच्या जत्रेत हलगीची स्पर्धा होती. मी वाजवून थांबलो, तोच स्टुडिओवाले विश्वजितराव आपलं ठेके वाजवायचं यंत्र घेऊन पंचांपुढं आले.

"म्हाताऱ्याला बाद करा! हा ठेका आमच्या सॉफ्टवेअरातला आहे. लोक चोरून कॉपी करतात, आता वाजवायलाही लागले!"

पंच म्हणाले, "गेनबा, चोरीचं वाजवलंस?"

पन्नास वर्षं हाच ठेका वाजवतोय मी. पण शाळा न शिकलेल्या माणसाकडं त्याचा कागद कुठला? मी सावकाश म्हटलं, "मालक, तुमचं ते यंत्र शेवटपर्यंत लावा की."

त्यांनी ऐटीत लावलं. ठेका संपला आणि कर्ण्यातून कुणीतरी खोकलं.

तीन वर्षांमागं यांनीच मला स्टुडिओत वाजवायला बोलावलं होतं. कातडं ताणायला हलगी विस्तवावर शेकताना त्या बंद खोलीत धूर कोंडला आणि ठेका संपता संपता मला ठसका लागला. यांनी तेवढं कापायचेही कष्ट घेतले नाहीत.

मी म्हटलं, "ठेका तुमचा, तर खोकलाही तुमचाच असणार. जरा तसं खोकून दाखवा."

जत्रा हसली. मानाचा फेटा मला मिळाला.

आता लग्नालग्नात ते यंत्रच वाजतं. माझा खोकला सगळ्या मांडवांत जाऊन येतो. मला मात्र कुणी बोलावत नाही.