हौसाचा आवा आणि सरकारी धूर

चैत्र वद्य द्वादशी, सकाळचा पहिला प्रहर. हिवरनगरचा कुंभारवाडा. दिवाणाचे चार शिपाई आले, पेटवायला तयार असलेल्या आव्यावर, म्हणजे घागरी भाजायच्या भट्टीवर, त्यांनी बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं आणि भोवती दोरी बांधून निघून गेले.

आवा हौसा कुंभारणीचा. आत चारशे कच्च्या घागरी. कडेच्या वीसेक विरघळल्या, बाकीच्या कशाबशा वाचल्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सहा दिवसांवर आलेली. त्या दिवशी घरोघरी पितरांच्या नावानं नवी घागर भरायची असते. आवा पेटला नाही तर गावाचे पितर तहानलेले राहणार आणि हौसाचं घर वर्षभर उपाशी!

हौसा चिखलाच्या हातांनीच दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझा आवा का विझवला? तो तर अजून पेटलाही नव्हता!"

राजा रणमल्लानं मिशीवरून हात फिरवला. शेजारच्या राजानं भर मेजवानीत टोमणा मारला होता, "तुमचं नगर दहा कोसांवरून ओळखू येतं हो, धुरावरून!" तेव्हापासून राजाची झोप उडाली होती. नगराचा धूर शून्यावर आणायचा, असा त्यानं पणच केला होता.

"सुरुवात कुंभारवाड्यापासून केली आहे," दिवाण गुणवंतराव म्हणाला. "सगळ्यांत दाट धूर यांचाच!"

"आणि राजवाड्याचा?" हौसानं विचारलं.

"राजवाड्याचा धूर आम्ही मोजत नाही. तो सरकारी धूर आहे!" दिवाण म्हणाला.

"असं होय! म्हणजे तो डोळ्यांत गेला तर डोळे चुरचुरत नाहीत?"

भालदारानं हसू दाबायला तोंडावर पागोट्याचं टोक धरलं. राजा चिडला.

"फार बोलतेस! ठीक आहे, पेटव तुझा आवा. पण त्या एका धुराच्या बदल्यात उद्या सकाळी नगरातले वीस धूर कमी झाले पाहिजेत. कुणी कच्चं खाता कामा नये, कुणी गार पाण्यानं न्हाता कामा नये! तक्रार आली तर तुझा आवा कायमचा बंद!"

दिवाण गालात हसला. हौसानं मान डोलावली.

"कबूल! पण दोन गोष्टी द्या. नगरातल्या कुठल्याही चुलीवर उद्या दुपारपर्यंत माझा शब्द चालेल, असं फर्मान. आणि बुरुजावरच्या टेहळ्यानं दिसेल तो प्रत्येक धूर मोजायचा. सरकारी आणि बिनसरकारी, सगळा!"

"दिलं!" राजा म्हणाला. टेहळ्यानं लगेच मोजलं. धुराच्या एकशेचाळीस रेघा भरल्या.

दुपारी दोरी सुटली, ओलं जळण बदललं, आवा पेटला. आता कुंभारवाड्याची एक जुनी सवय. आवा पेटला की तिथल्या नऊही घरांत कुणी चूल पेटवत नाही. आव्याच्या कडेनं हंडे लागतात, राखेत भाकरी भाजतात, वरण शिजतं, पोरंसोरं तिथंच न्हातात. एवढी आच नुसती आभाळात का घालवायची?

दुसऱ्या दिवशी पहाट होताच हौसा फर्मान घेऊन राजवाड्याच्या मागच्या अंगणात शिरली. तिथं सतरा महालांच्या अंघोळीचे सतरा बंब धडाडून पेटलेले.

"विझवा सगळे!"

"बाई, डोकं फिरलं का तुझं?" बंबवाला ओरडला.

"डोकं माझं, शिक्का महाराजांचा. वाच!"

बंब विझले. मागोमाग कुंभारवाड्याची गाढवं कढत पाण्याच्या घागरी पाठीवर घेऊन राजवाड्यात ऐटीत शिरली. सतरा महालांच्या दारांत सतरा घागरी ठेवल्या गेल्या.

दरबार भरला. राजा न्हाऊन ताजातवाना होऊन आला होता. टेहळ्या म्हणाला, "एकशे पंधरा, महाराज! नऊ कुंभारवाड्यातले गेले, सतरा राजवाड्यातले गेले, एक आव्याचा वाढला."

"राजवाड्यातले?" दिवाण उसळला. "महाराज, हिनं सरकारी बंब विझवले! राजघराणं गार पाण्यानं न्हालं!"

"कोण न्हालं?" हौसा म्हणाली. "समोर आणा."

"मी तर कढत पाण्यानं न्हालो," राजा म्हणाला. "झकास पाणी होतं! मातीचा वास काय सुंदर!"

"ते आव्यावरचं होतं, महाराज. आता बाकीच्या सोळा महालांतून तक्रार करणारा माणूस दिवाणजींनी आणावा!"

राजानं शिपाई धाडला. तो धापा टाकत परत आला.

"महाराज, सोळाही घागरी दारांत काठोकाठ भरलेल्या आहेत. पाणी गार झालंय. सोळाही दारांना कुलपं!"

"तिथं राहतं कोण?" राजानं विचारलं.

"कुणीच नाही, महाराज," हौसा म्हणाली. "थोरल्या महाराजांच्या राण्या राहायच्या. शेवटची राणीसाहेब गेल्या त्याला बावीस वर्षं झाली. बंब मात्र रोज पेटतात. बावीस वर्षं सोळा बंब रिकाम्या महालांना अंघोळ घालतायत, आणि माझा एक आवा गावाला घागरी देतो तर त्याच्यावर पाणी ओततात! शून्य धूर हवाय ना? मग शून्य माणसांच्या अंघोळीपासून सुरुवात करा!"

मग राजा असा हसला की सिंहासनाचा लोड खाली पडला.

"दिवाणजी, माझ्याच अंगणात विसांतले सतरा धूर निघाले की हो! माग, कुंभारणी, काय हवं ते माग!"

"ते सोळा रिकामे बंब द्या. आव्याभोवती मांडते. आव्याच्या दिवशी सगळ्या पेठेनं कढत पाणी न्यावं. तेवढ्याच चुली कमी!"

राजानं बंब दिले, वर पैठणी दिली. आखाजीला घरोघरी घागरी भरल्या.

त्याला महिना झाला. सोळा बंब कुंभारवाड्यात आहेत, राजवाड्यात एकच पेटतो. राजवाड्याच्या मागच्या दारानं मात्र बंबांसाठीच्या जळाऊ लाकडाच्या अकरा गाड्या रोज सकाळी पूर्वीसारख्याच आत जातात. हौसानं दोनदा विचारलं. त्या लाकडांचं आत काय होतं, हे दिवाण गुणवंतरावांनी अजून सांगितलेलं नाही.